शटलकॉक, शटलकॉर्क की फूल?

प्रश्न असा आलाय की बॅडमिंटनमधल्या त्या पिसांच्या वस्तूला शटलकॉक म्हणायचं की शटलकॉर्क, कारण खाली बूड तर कॉर्कचंच असतं, मग हे 'कॉक' आलं कुठून? आणि मराठीत सरसकट 'फूल' म्हणतात ते लेखात चालेल का, की लहान मुलांचं वाटेल?

आधी सरळ उत्तर. शब्द शटलकॉक असाच आहे. शटलकॉर्क हे रूप आपल्याकडे भरपूर ऐकू येतं, छापूनही येतं, पण ते मागाहून तयार झालेलं आहे. 'कॉक'चा अर्थ लागत नाही, हातात घेतलं तर खाली कॉर्क दिसतो, मग मनच सांगतं की हा 'कॉर्क'च असणार, आणि मधे एक र येऊन बसतो. परका शब्द ओळखीच्या शब्दाकडे असा ओढला जाणं सगळ्याच भाषांत होतं, त्यामुळे कुणी शटलकॉर्क म्हटलं म्हणून त्याला अडाणी ठरवू नका. फक्त लिहिताना कॉर्क हा शब्द बुडापुरता ठेवा.

आता कॉक म्हणजे इथे कोंबडा. एका टोकाला पिसांचा झुपका, त्यावरून इंग्रजांना कोंबडा आठवला. आणि शटल म्हणजे आपला हातमागावरचा धोटा! ताण्याच्या धाग्यांमधून बाण्याचा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे जातो आणि परत येतो तो. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ बाण किंवा भाला असा होता, 'शूट' हा त्याच घरातला, धाग्यांमधून फेकला जातो म्हणून धोट्याला ते नाव पडलं. पुढे जे जे येरझाऱ्या घालतं ते शटल झालं, दोन स्टेशनांमध्ये ये-जा करणारी गाडी शटल आणि अवकाशात जाऊन परत येणारं यानसुद्धा शटलच.

हे नाव बॅडमिंटनपेक्षा खूप जुनं आहे ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. इंग्रजीत शटलकॉक सोळाव्या शतकापासून सापडतो, तेव्हा बॅटलडोर नावाच्या खेळात लाकडी फळीने ते हवेत टोलवत राहायचे. जाळी नाही, गुण नाहीत, समोरच्याला हरवायचं नाही, उलट दोघांनी मिळून ते जास्तीत जास्त वेळ जमिनीला लागू द्यायचं नाही एवढंच. त्या खेळात धोट्याचं नाव किती चपखल बसतं बघा, नुसती ये-जा, दुसरं काही नाहीच. जाळी मधे आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे, इथल्या लष्करी छावणीतले ब्रिटिश अधिकारी हा खेळ जाळी लावून खेळायचे आणि त्याला 'पूना' असंच नाव होतं. बॅडमिंटन हे नाव आलं इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमधल्या बॅडमिंटन हाउसवरून, ड्यूक ऑफ ब्यूफर्टचं घर ते. म्हणजे खेळाचं नाव एका वाड्याचं, आणि त्यातल्या मुख्य वस्तूचं नाव विणकराच्या मागावरचं.

जागतिक महासंघाची नियमावली उघडली तर तिथे वस्तूचं नाव नुसतं 'शटल' दिलंय, शटलकॉक नाही. खेळणारेही तेच म्हणतात, शटल बाहेर गेलं, शटल बदलायचंय का. त्यामुळे सामन्याची बातमी, नियम, प्रशिक्षणाचं पुस्तक असं काही लिहित असाल तर शटल हा शब्द बिनधास्त वापरा. मराठीत तो नपुंसकलिंगी रुळलाय, 'ते शटल', 'शटल पडलं'. शटलकॉकला मात्र काही जण 'तो' म्हणतात काही जण 'ते', मला 'ते'च बरं वाटतं कारण मनात फूल असतं.

आणि आता फूल, ज्याच्याबद्दल मला खरं बोलायचंय. हा शब्द अजिबात बालिश नाही. एकदा बूड खाली करून ते हातात धरा आणि नीट बघा. बुडाचा व्यास 25 ते 28 मिलिमीटर, तिथून 16 पिसं वर निघतात, प्रत्येक पीस शेजारच्यावर थोडं चढलेलं, आणि वरच्या टोकांचं वर्तुळ 58 ते 68 मिलिमीटरचं, म्हणजे बुडाच्या दुपटीहून जास्त उमललेलं. एवढं सगळं जेमतेम 5 ग्रॅमचं, नियमात 4.74 ते 5.50. ज्याने कुणी पहिल्यांदा याला फूल म्हटलं त्याची नजर पक्की होती. कळीसुद्धा नाही म्हटलं, फूलच म्हटलं.

दुसऱ्या भाषांनी काय पाहिलं तेही मजेशीर आहे. जर्मन, डॅनिश आणि चिनी लोकांनी त्याला सरळ 'पिसांचा चेंडू' म्हटलं. फ्रेंचमध्ये 'व्होलां', म्हणजे उडणारं. इंडोनेशियात खेळालाच 'बुलू तांगकिस' म्हणतात, बुलू म्हणजे पीस आणि तांगकिस म्हणजे परतवून लावणं. हिंदीत चिडिया. म्हणजे कुणी त्याचं साहित्य पाहिलं, कुणी उडणं, कुणी पक्षी, आणि मराठीने आकार पाहिला. असा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेला शब्द हाताशी असताना तो बाजूला टाकायचा म्हणजे मला तरी पटत नाही. शिवाय त्याच्यामागून मराठी क्रियापदं आपोआप येतात, फूल टोलवलं, फूल जाळीत अडकलं, फुलाची पिसं गेली, फुलाचं बूड सैल झालं.

एक अडचण खरी आहे, नुसतं 'फूल' लिहिलं तर संदर्भ नसताना वाचणारा गोंधळतो. त्यावर उपाय सोपा, पहिल्यांदा 'बॅडमिंटनचं फूल' लिहा, मग पुढे नुसतं फूल चालतं. नायलॉनचं असेल तर 'प्लास्टिकचं फूल' आणि खरं असेल तर 'पिसांचं फूल' असा फरक बोलण्यात आहेच, तोही लिहिण्यात आणा. हंसाची किंवा बदकाची पिसं लवकर मोडतात, नायलॉनचं जास्त टिकतं पण त्याचं पडणं वेगळं, पिसांचं फूल वर गेल्यावर वेग गमावून एकदम सरळ खाली येतं.

बूड हा शब्दही सोडू नका, कारण खेळात त्याला फार महत्त्व आहे. सगळं वजन तिथे असल्यामुळे रॅकेट लागल्या लागल्या फूल हवेत उलटतं आणि बूड पुढे, पिसं मागे असं जातं, म्हणून समोरच्याच्या रॅकेटवर पुन्हा बूडच येतं. पिसांची टोकं आत वळवली की फूल लांब जातं, बाहेर वळवली की अलीकडे पडतं, म्हणून वेग किंवा उडणं बदलावं म्हणून खेळाडूने मुद्दाम पिसं वाकवली-मोडली तर तो नियमभंग धरतात. आणि शटलकॉर्क म्हणणाऱ्यांना हे नक्की आवडेल, की नियमात कॉर्कच्या बुडासाठी वेगळी तरतूद आहे. रॅली चालू असताना एखादं पीस मोडलं तर खेळ चालूच राहतो, पण फूल फुटून बूड पिसांपासून पूर्ण वेगळं झालं तर पंच 'लेट' देतात, तो गुण कुणालाच मिळत नाही आणि ज्याने सर्व्हिस केली होती तोच पुन्हा करतो.