सह्याद्रीत भटकायला महागडा बुशक्राफ्ट (जंगलात मोजक्या साधनांवर राहण्याचं कसब) कोर्स आणि भारी सामान घ्यावं का?

लगेच नको. पहिले पैसे बुटांत घाला. माझ्या जुन्या बुटाचा तळवा राजगड उतरताना उघडला. नाडीने करकचून बांधून खाली आलो, तेव्हापासून बुटांत काटकसर करत नाही. हेडटॉर्चही चांगली घ्या. बाकी भारी सुरी, ठिणग्या पाडायची कांडी वगैरे राहू द्या. जुलैत लाकूड आतपर्यंत भिजलेलं असतं, आणि उन्हाळ्यात गडावर आग पेटवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

शनिवार-रविवारच्या कोर्समध्ये गाठी दिसतात, पण हात बसत नाही. खरंच शिकायचं असेल तर १९६५ साली सुरू झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा. जवळपास महिनाभर सुट्टी काढावी लागते, पण दोर, बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), बर्फावरची चाल सगळं अंगवळणी पडतं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र कुणीही, आजच घ्यावं.

आणि हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्या. कोणत्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं, धुक्यात वाट कुठे फसवते, हे त्याच्याइतकं कुठलाच कोर्स शिकवत नाही. त्याच्याशी पैशांची घासाघीस करू नका.