'रन' या एका क्रियापदाचे एवढे अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

मराठी माध्यमातून शिक्षण, ऐरोलीत नवी नोकरी, साहेबांनी फाइल पुढे सरकवून "रन मी थ्रू धिस" म्हटलं आणि काय करायचं तेच कळेना, असं तुम्ही लिहिलंय. घरी येऊन शब्दकोश उघडला तर 'रन'खाली दीड पान अर्थ. हे सगळे पाठ कसे करायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

मुळीच पाठ करू नका. दीड पानावर भागलं ते तुमचा शब्दकोश लहान आहे म्हणून. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात २०११ साली या क्रियापदाची नोंद नव्याने लिहून झाली, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने या एका शब्दाला चिकटून बसले होते. त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, सगळ्यांत जास्त अर्थांचा मान 'सेट'कडे होता. त्याचे अर्थ चारशे तीसच्या वर आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. पुढे ऑक्सफर्डवाल्यांनी कोशाची उजळणी 'एम' अक्षरापासून सुरू केली आणि 'मेक', मग 'पुट', मग 'रन' अशी गादी बदलत गेली. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसालाही हे ६४५ विचारले तर तो पन्नासाच्या आत पाणी मागेल.

मी काही इंग्रजीचा पंडित नव्हे. वीस वर्षं रबाळे-महापेच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये काढली, आता संध्याकाळी कळव्यात आठ-दहा पोरांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवतो. पण या शब्दाने मला एकदा असं पोळलंय की त्यावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे.

नोकरीला लागून चार महिने झाले होते. नव्या लाइनची ट्रायल सोमवारी, बघायला बाहेरची पार्टी येणार. शुक्रवारी संध्याकाळी वरून मेल आला. त्यात एक ओळ होती, "प्लीज डू अ ड्राय रन ऑन सॅटर्डे." मी सरळ अर्थ लावला, ड्राय म्हणजे कोरडा, रन म्हणजे चालवणे. शनिवारी सकाळी टाकी रिकामी करून घेतली आणि पंप चालू केला. हेल्पर म्हणाला, "साहेब, आत पाणी नाहीये." मी त्याला मेल दाखवला. मेलपुढे तो बिचारा काय बोलणार! दोन-तीन मिनिटांत पंपाचा आवाज बदलला, आधी बारीक शिट्टी, मग पत्रा खरवडल्यासारखी घरघर, आणि पाठोपाठ जळका वास. मेकॅनिकल सील गेलं. या सीलमध्ये दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांना घासून फिरत असतात आणि मधे द्रवाचा केसाहून पातळ पापुद्रा असतो. वंगण तोच, गारवाही तोच. पापुद्राच नाही म्हटल्यावर तोंडं तापली आणि कार्बनला तडे गेले. पंप बंद केल्यावर खाली वाकून बघतो तर बॉडीवर पिवळं स्टिकर, त्यावर ठळक अक्षरांत, "डू नॉट रन ड्राय."

'ड्राय रन' म्हणजे तालीम, खऱ्या कामाआधी एकदा सगळं करून बघणं. 'रन ड्राय' म्हणजे कोरडं चालणं. शब्द तेच दोन, नुसती जागा बदलली आणि सोमवारची ट्रायल बुधवारवर गेली. पुढे वर्षभर कॅन्टीनमध्ये मला 'ड्राय रन' याच नावाने हाक मारायचे.

त्या रविवारी ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसलो. १८९३ सालची संस्था, कोशांना तोटा नाही. 'रन'पुढे दिलेले मराठी शब्द एका वहीत उतरवत गेलो. धावणे, पळणे हे होतेच. पण पान भरत आलं तसा एक शब्द सारखा यायला लागला, चालणे. इंग्रज जिथे पळतो तिथे आपण चालतो! त्याचं घड्याळ पळतं, आपलं चालतं. त्याचं मशीन, दुकान, नाटक, खातं, कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, सगळं पळतंय. आपल्याकडे तेच सगळं निवांत चालतंय. एखादा परवाना पाच वर्षं 'रन' होतो म्हणजे पाच वर्षं चालतो. वाक्यात 'रन' दिसला आणि पायांचा संबंध नसला, तर आधी 'चालणे' लावून बघा. निम्म्या ठिकाणी कुलूप उघडेल.

उरलेल्या निम्म्यातला मोठा वाटा 'चालवणे'चा. मराठीत एक 'व' घातला की काम दुसऱ्याकडून करून घेता येतं: चालणे-चालवणे, पळणे-पळवणे. इंग्रजीत तो 'व' नाही. "द शॉप रन्स वेल" म्हणजे दुकान चांगलं चालतं आणि "शी रन्स द शॉप" म्हणजे ती दुकान चालवते. क्रियापद जसंच्या तसं. जुन्या इंग्रजीत स्वतः धावण्याचं आणि घोड्याला दौडवण्याचं अशी दोन वेगळी क्रियापदं होती, ती पुढे एकात मिसळली. म्हणून 'रन'च्या मागोमाग एखादी वस्तू, संस्था, घर आलं तर तो 'व' आपण मनात घालायचा. अपवाद आहेतच. "ही इज रनिंग अ फीव्हर" ऐकून ताप कोण चालवतो म्हणून शोधत बसू नका. अंगात ताप आहे, एवढंच.

तिसरा धागा पाण्याचा, आणि तो फार जुना आहे. या शब्दाचा जर्मन भाऊ 'रिनेन', त्याचा अर्थच वाहणे. म्हणून नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, मेणबत्तीचं मेण ओघळतं तेही 'रन'च. नवी साडी पहिल्यांदा भिजवली आणि बादली लाल झाली, की इंग्रज म्हणतो रंग पळाला. आपण म्हणतो रंग गेला. रस्त्याचंही तसंच. ठाणे-बेलापूर रस्ता त्यांच्या तोंडी एमआयडीसीच्या कडेने 'पळतो', आपल्याकडे नुसता जातो, आणि वाटेत रबाळे, घणसोली, कोपरखैरणे 'लागतात'. हे 'लागणे' एखाद्या इंग्रजाला समजावून बघा. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, ठेच लागते, ती माझी मावशी लागते, आणि काहींना बसही लागते. त्याच्या पुढे 'रन' काहीच नाही, फक्त ते आपण आईच्या कडेवर बसून शिकलो म्हणून त्रास झाला नाही.

आता तुमच्या साहेबांकडे येऊ. 'रन'ला चिकटून येणारे छोटे शब्द ही वेगळी जात आहे. तिथे चालणे-वाहणे लावत बसण्यापेक्षा सबंध जोडीला एक मराठी वाक्प्रचार द्यायचा. "रन मी थ्रू धिस" म्हणजे यातलं मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत झरझर सांगा. "रन इट बाय मी" म्हणजे एकदा माझ्या कानावर घाला. याच्याइतका नेमका जोड मला दुसरा सापडलेला नाही. "रन इन्टु समवन" म्हणजे अवचित गाठ पडणे, पण समोर माणसाऐवजी खांब असेल तर आदळणे. "रन आऊट" म्हणजे संपणे: दूध, पेट्रोल, सहनशक्ती. "रन अप अ बिल" म्हणजे उधारी चढवणे. "रन डाऊन" इमारत म्हणजे मोडकळीला आलेली, "रन डाऊन" माणूस म्हणजे थकून खंगलेला. ऑफिसात या सहा-सात जोड्याच फिरून फिरून येतात. एका वहीत डाव्या बाजूला जोडी, उजवीकडे तुमच्या घरी बोलतात तसं मराठी लिहा. पुस्तकी लिहू नका, वेळेवर आठवत नाही.

'रन आऊट'वरून क्रिकेट आलंच. मराठी समालोचनाने इथे शब्दशः भाषांतर केलं आणि ते रुजलंही: धाव, धावफलक, धावचीत. चौकार गेला की कुणी जागचं हललेलं नसतं, तरी धावा चार. मैदानावर पोरं मात्र 'रनआऊट' असंच ओरडतात, 'धावचीत' मी फक्त रेडिओवर ऐकलंय.

निवडणुकीत गंमत आणखी वेगळी. अमेरिकन उमेदवार 'रन' करतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो. आपण ब्रिटिशांसारखे उभे राहतो.

एकदा आमच्या सोसायटीत एका काकांनी इंग्रजी पेपरात "रन ऑन द बँक" वाचलं आणि बँक पळाली म्हणून जिन्यात सगळ्यांना सांगत सुटले. बँक जागेवरच होती, पळाले होते ते खातेदार, आपापले पैसे काढायला. तिथे मराठीत 'बँकेवर झुंबड' म्हणतात.

एक धोका उलट्या बाजूचा आहे, आणि माझ्या वर्गातली पोरं बहुतेक त्यातच पडतात. 'रन' म्हणजे चालणे हे कळलं की ती 'चालणे' दिसेल तिथे 'रन' ठोकतात. एका मुलीला "तो फार चालू माणूस आहे" इंग्रजीत सांगायचं होतं. तिने लिहिलं, "ही इज अ व्हेरी रनिंग मॅन." मी वही बंद करून आधी पोटभर हसून घेतलं. तिथे 'कनिंग' हवं. दुसरा एक जण फोनवर म्हणाला, "मंडे विल रन, सर." सोमवार चालेल म्हणायचं होतं. आपल्या 'चालेल'साठी इंग्रजीत "दॅट्स फाइन" किंवा "मंडे वर्क्स" म्हणा. परवानगीचं, पसंतीचं 'चालतं' आणि यंत्राचं 'चालतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'रन' फक्त दुसरीकडे जातो.

आणि हो, तुम्हाला 'रन' येतच नाही असं समजू नका. सुतार फर्निचरचा भाव 'रनिंग फूट'वर सांगतो, ते तुम्ही समजता. 'रनिंग हॉटेल देणे आहे' ही जाहिरात वाचून हॉटेल कुठे निघालं असं तुम्ही विचारत नाही. कुणी "रनिंगमध्ये चढला" म्हटलं की गाडी थांबायच्या आत दांडा पकडून चढला, हे चित्र डोळ्यांसमोर येतंच. हा शेवटचा अर्थ तर ऑक्सफर्डवाल्यांनी कळव्याच्या फलाटावर उभं राहूनच शिकावा.

गाडीवरून आठवलं. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. चौदा डबे, चारशेच्या आसपास माणसं. पुस्तकांत त्याला 'पहिली आगगाडी धावली' म्हणतात. फलाटावरचा माणूस 'धावणे' वापरत नाही. तो विचारतो, "गाड्या चालू आहेत का?" किंवा "आत्ताची सुटली का?" 'धावणे' हे पेपरवाल्यांचं आणि अनाउन्सरचं. "पंधरा मिनिटे उशिराने धावत आहे" हे तुम्ही ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवर वाशीची गाडी धरताना कितीदा ऐकलं असेल! धावतेय तर उशीर कसा, आणि उशीर झालाय तर धावते कुठली? ते मुळात इंग्रजीतलं "रनिंग लेट", अंगरखा तेवढा मराठी. सवयीने आपल्याला ते खटकेनासंही झालंय.

तेव्हा पुढच्या वेळी साहेबांनी फाइल पुढे केली की "शुअर सर" म्हणा, पहिलं पान उघडा आणि प्रत्येक पानातलं मुख्य तेवढं एकेका वाक्यात सांगत जा. मध्येच ते "वी आर रनिंग आऊट ऑफ टाइम" म्हणाले, तर थेट शेवटच्या पानावर या आणि आकडा सांगा.