मग सोनोग्राफी पण बॅन करायची काय?

भावा, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केलीस का सांग, नसलीस तर हे नंतर वाच, पहिलं तिकडं फोन लाव.

आता तुझा मुद्दा. खोटा पोलिस व्हिडिओ कॉलवर बसवून तुझ्या वडिलांना लुटलं म्हणून नेटवरची ओळख लपवणारं व्हीपीएन, टेलिग्राम असलं सगळं सरकारनं बॅनच करावं म्हणतोस. राग पटतोय, उपाय नाही पटत.

आपल्या जिल्ह्याचंच बघ की. 2001 च्या जनगणनेत कोल्हापुरात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली, आणि हत्यार कुठलं तर सोनोग्राफी. तुझ्या हिशोबानं मशीनच बंद करायला पाहिजे होतं, पण मग बाळ आडवं हाय का सरळ ते कोण सांगणार? कायद्यानं मशीन नाही, लिंग सांगणं बंद केलं, महाराष्ट्रात 1988 ला आणि देशभर 1994 च्या कायद्यानं. तरी चोरून चालायचंच, म्हणून 2010 च्या सुमाराला कलेक्टर लक्ष्मीकांत देशमुखांनी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचा डबा जोडायला लावला, कधी किती तपासण्या झाल्या ते डब्यात राहतंय, डॉक्टरनं प्रत्येक तपासणीला भरलेल्या एफ फॉर्मशी ताळा लावायचा. रेडिओलॉजिस्ट कोर्टात गेले, 2011 ला हायकोर्टात हरले. त्या साली आकडा 863 झाला, आता ते सगळं डब्यामुळं असं मी म्हणणार नाही, डबा तेव्हा नवीनच होता.

पण हे जमलं कारण मशीनला नंबर असतोय, ते मोजता येतंय, सील करता येतंय. ॲपला कुठं सील लावणार? मे 2023 मध्ये केंद्रानं 14 मेसेंजर ॲप ब्लॉक केली, काश्मीरमधले अतिरेकी वापरतात म्हणून, त्यात एलिमेंट आणि ब्रायर पण. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, ज्याला पाहिजे तो फाइल उतरवून घेतोयच. आणि ब्रायर नेट नसताना ब्लूटूथवर चालतंय. 2019 च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखलीतल्या आमच्या पाहुण्यांचा फोन दोन दिवस लागला नव्हता. ब्लूटूथवरनं निरोप कोल्हापूरपर्यंत पोचला नसता हे कबूल, पण शेजारच्या माडीवर तरी पोचला असता.

जून 2023 ला आपल्याकडं दंगलीमुळं नेटच बंद केलं ते आठवतंय? माझ्या दुकानात गिऱ्हाईक चार्जर हातात घेऊन उभं, फोनपेचं चक्र नुसतं गरगर फिरतंय, खिशात रोख नाही, शेवटी उधारीच्या वहीत लिहिलं. अफवा मात्र चहाच्या गाड्यावर जोरात चालू होत्या, त्यांना कुठं नेट लागतंय.

वडिलांचे पैसे कुणाच्या तरी भाड्यानं घेतलेल्या बँक खात्यात गेले असणार, आणि फोन दुसऱ्याच्याच नावावरच्या सिमचा. खातं आणि सिम, दोन्हीला नंबर असतोय. डबा बसवायचाच तर तिथं बसवा म्हणतो मी. माझ्याकडंच अधनंमधनं एखादा येतोय, "आधार मागू नका, चार पैसे जास्त घ्या, पण चालू सिम द्या." मी हाकलून लावतो. पुढच्या दुकानात त्याला काय मिळतं ते मला विचारू नको.