पेटी उघड, पण आईसोबत बसून

मावशी, माझा धाकटा भाऊ प्रादेशिक सेनेत होता. एरवी गावात वेल्डिंगचं दुकान चालवायचा, बोलावणं आलं की युनिटला जायचा. मागच्या वर्षी सरावात, सकाळी धावताना कोसळला आणि गेला. 27 वर्षांचा होता. तिरंग्यात आणला तेव्हा पंचक्रोशी लोटली होती. यंदा 15 ऑगस्टला शाळेत त्याचं नावही कोणी घेतलं नाही. एक जण म्हणाला, "तो कुठं लढाईत गेला?" पोळ्याला बाबांनी बैल सजवले नाहीत, ते काम भाऊच करायचा. आई त्याच्या पेटीला हात लावू देत नाही, त्याचं नावही काढत नाही. शाळेत फलक लावून त्यावर त्याच्या नावापुढं 'शहीद' लिहावं म्हणून मी भांडू का?
– एक बहीण, यवतमाळ जिल्हा

लेकी,

त्या माणसाचं वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ अंगणात जाऊन बसले.

आधी तुझ्या प्रश्नाचं. त्या शब्दासाठी भांडू नकोस. सैन्याच्या कागदात 'शहीद' हा शब्द कोणाच्याच नावापुढं नसतो, सीमेवर गेलेल्याच्याही नाही. तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतली हानी, आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी', म्हणजे इतर कारणानं झालेली, अशा दोन नोंदी असतात. सरावात गेलेला दुसऱ्या नोंदीत येतो. भांडायचंच तर कागदासाठी भांड. सैन्यानं केलेल्या चौकशीच्या अहवालात मृत्यू सेवेमुळे झाला असं लिहिलंय का, ते बघ. आईबाबांना काय मिळायचं ते बरंचसं त्यावर ठरतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि अहवालाची प्रत कुठं मागायची ते विचार. एकटी जाऊ नकोस, गावातला एखादा माजी सैनिक सोबत घे. त्यांना ती भाषा कळते.

आणि त्या माणसाला एवढंच सांग, की प्रादेशिक सेना 1949 पासून अशाच पोरांवर उभी आहे. वर्षभर शेती, नोकरी, दुकान. बोलावलं की वर्दी. तुझा भाऊ दुकानाचं शटर ओढून जायचा, तेवढ्या दिवसांचं गिऱ्हाईक सोडून. त्याला कोणी बळजबरी केली नव्हती.

नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यात प्रादेशिक सेनेचीच बटालियन असते. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतात. एकदा बाबांना घेऊन जा. त्या वर्दीतली पोरं त्यांना डोळ्यांनी बघू दे. रडले तर रडू दे.

आता आईचं. माझा धाकटा दीर विसाव्या वर्षी विहिरीत गेला. सासूबाईंना त्रास नको म्हणून घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं आम्हीच ठरवलं. तीस वर्षं पाळलं. शेवटच्या आजारपणात एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "त्याला भरीत आवडे का गं, की भाजी?" मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांतलं कोणी उरलं नव्हतं. सासूबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या. आम्ही त्यांचा त्रास वाचवत नव्हतो गं, त्यांचं पोरगं हळूहळू पुसत होतो. हे मला अजून टोचतं.

म्हणून पेटी उघड. पण आईच्या नकळत नको, आणि तिच्या हातून किल्ली ओढूनही नको. दुपारी शेजारी बसून तूच सुरू कर. लहानपणी तुमचं भांडण कशावरून व्हायचं, पहिल्या कमाईतून त्यानं काय आणलं, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याच्या शर्टांना कशी भोकं पडायची. पहिल्या दिवशी आई उठून जाईल. जाऊ दे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती तुझं चुकलेलं दुरुस्त करेल, "तसं नव्हतं, तो निळा शर्ट होता." मग किल्लीचं विचार. आत वर्दी असेल, तिला अजून त्याचा वास असेल. लगेच धुवायला काढू नका.

शाळेत फलक लावण्यापेक्षा तिथल्या पोरांना त्याचं दुकान दाखव. कोणाच्या वखराची पास त्यानं जोडून दिली, कोणाचं फाटक केलं, ते ज्याचं त्याला सांगू दे. गावात त्याच्या हातचं लोखंड अजून वापरात असेल.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायची वेळ झाली, की तुपाची वाटी तूच गोठ्यात ने. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" हे तू म्हण, मोठ्यानं, बाबांना ऐकू जाईल असं. ते आले तर वाटी त्यांच्या हातात दे. नाही आले तर दोन्ही बैलांचे खांदे तूच शेक.

– तुझी मावशी