जिल्ह्यातील संस्थेला पैसा कोठून मिळतो आणि तो मुलांपर्यंत किती पोहोचतो?

एखादी जिल्हास्तरीय संस्था मुलांसाठी आणि अडचणीतील कुटुंबांसाठी पैसा कोठून उभा करते, आणि आपल्या हजार रुपयांपैकी प्रत्यक्ष मुलांपर्यंत किती पोहोचतात, असे आपण विचारले आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालविणाऱ्या बीड जिल्ह्यातील एका संस्थेत मी नऊ वर्षे हिशेबनीस होतो. प्रश्नाचा पूर्वार्ध सोपा आहे. उत्तरार्धाने मात्र जुनी खपली निघाली.

आमच्याकडे मुख्यतः पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या जिल्ह्यातील लोकांच्या देणग्या येत. त्यांवर देणगीदाराला प्राप्तिकरात निम्म्या रकमेची वजावट मिळते. रोख दोन हजारांच्या वर दिल्यास किंवा नवी करप्रणाली निवडल्यास ती मिळत नाही. मग कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाचा निधी. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, ही तरतूद २०१४ पासून लागू आहे. परंतु कंपनीच्या स्वतःच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही तोच कायदा सांगतो, आणि ज्या जिल्ह्यातून माणसे पोटासाठी बाहेर पडतात तेथे मोठ्या कंपन्या नसतात. सरकारी अनुदान मिळते, पण मुले दिवाळीनंतर येतात आणि अनुदान सवडीने येते. महानगरांतील मोठ्या संस्था परदेशी निधीतून लहान संस्थांना वाटा देत असत. तो मार्ग सप्टेंबर २०२० च्या कायदादुरुस्तीने बंद झाला.

आता २०१८ च्या हंगामाचे सांगतो. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ जाहीर झाला होता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीच्या अधिक नवरा-बायकोच्या जोड्या कारखान्यांकडे गेल्या होत्या आणि साठ मुलांची सोय असलेल्या आमच्या वसतिगृहात ८६ मुले होती. डिसेंबरपर्यंत आमच्याकडे तीन ठिकाणांहून मिळून दोनशेहून अधिक दप्तरे आली, ब्लँकेटांचे गठ्ठे आले, आणि संगणक-कक्षासाठी चार लाख रुपये बँकेत जमा झाले, जे अन्य कामासाठी वापरता येत नव्हते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार मात्र ऑक्टोबरपासून थकला होता, कारण पगारासाठी म्हणून कोणीच काही दिले नव्हते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, दप्तरं शिजवून घालू का लेकरांना?” दुसऱ्या दिवसापासून त्या लग्नाच्या आचाऱ्याकडे कामाला जाऊ लागल्या. पुढचे सोळा दिवस अधीक्षक आणि मी खिचडी केली, आणि ती बहुधा खाली लागलेली असे. ही वार्ता फोनवरून उसाच्या फडापर्यंत पोहोचली आणि अकरा मुलांना पालक येऊन घेऊन गेले. त्यांपैकी चारच परीक्षेपूर्वी परतली.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आमचे एक विश्वस्त प्रत्येक सभेत सांगत. प्रसंग खरा आहे आणि वंदनीय आहे. परंतु लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले होते; येथे त्यागाची अपेक्षा महिना सहा हजारांवर राबणाऱ्या बाईकडून केली जात होती. मी चाळीस जुन्या देणगीदारांना स्वतः पत्रे लिहिली आणि पगारासाठीच पैसे हवेत, असे त्यात स्पष्ट म्हटले. चौदा जणांनी रक्कम पाठविली, मावशींची थकबाकी चुकती झाली आणि त्या परत आल्या. मला मात्र संस्थेची अब्रू वेशीवर टांगल्याचे ऐकावे लागले, आणि मार्चअखेरीचे हिशेब पूर्ण करून मी नोकरी सोडली.

म्हणून ‘हजारातले किती पोहोचतात’ हा हिशेबच मला अमान्य आहे. वसतिगृहात पगार हा वरखर्च नव्हे, तेच काम आहे. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला सध्या दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी दाखले गोळा करून विधवा आईसोबत कार्यालयाच्या फेऱ्या मारणारा कार्यकर्ता लागतो, आणि त्याचा पगार आपल्या टक्केवारीत ‘न पोहोचलेला पैसा’ ठरतो. ‘शंभर टक्के मुलांपर्यंत’ असे छापणाऱ्या संस्थेत पगार दुसराच कोणी देत असतो, किंवा तो दिलाच जात नसतो.

लबाड संस्थाही असतात, हे नाकारत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जाणारा लेखापरीक्षण अहवाल मागा. विश्वस्तांच्या नातेवाइकांना दिलेले पगार आणि विश्वस्ताच्याच इमारतीचे भाडे त्यात दिसले, तर पैसे देऊ नका. करांचे नियमही बदलत राहतात, ते आपल्या सनदी लेखापालांना विचारा.

देणगी द्यायचीच असेल तर एकरकमी न देता दरमहा द्या, वस्तू देऊ नका आणि सोबतच्या पत्रात ‘स्वयंपाकिणीच्या व अधीक्षकांच्या पगारासाठी’ असे स्वच्छ लिहा. ते पत्र सभेपुढे ठेवायलाही सांगा. देणगीदारांना लिहिलेले माझे पत्र विश्वस्तांनी इतिवृत्तात येऊ दिले नव्हते.