दुःखात विश्वास कसा टिकवायचा, सुरुवातीला एवढंच

ताई जय ख्रिस्त, बाप्तिस्मा होऊन वर्षही नाही झालं आणि मिस्टरांचं हे आजारपण, त्यामुळे प्रार्थना सुचत नाही म्हणालात ते अगदी समजतं. आत्ता फार काही करू नका.

१. रोज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एकच स्तोत्र मोठ्याने वाचा. १३ वं घ्या, सहाच वचनं आहेत, सुरुवातच देवाला "कुठवर?" असं विचारण्याने होते. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवापुढे रडणं, तक्रार करणं हा अविश्वास नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला.

२. जेवण आणि झोप सोडू नका. एलीया संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला तेव्हा देवदूताने आधी भाकरी-पाणी दिलं, उपदेश नाही. आणि मिस्टरांची औषधं चालूच ठेवा, औषध बंद करणं म्हणजे विश्वास असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नका प्लीज.

३. रविवारी चर्चला जा, गाणं म्हणवत नसेल तर नुसतं बसा, बाकीचे म्हणतील तुमच्यासाठी.

नवीन लोक हमखास दोन चुका करतात, एक म्हणजे हे कुठल्या पापाची शिक्षा ते शोधत बसणं (बायबलमधल्या ईयोबावर दोष नसताना संकटं आली, त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर बरे होते, बोलायला लागले आणि तिथेच चुकले) आणि दुसरी, देवाशी सौदा करणं. दुःख का येतं हा मोठा विषय नंतर पाळकांशी निवांत बोला. आज फक्त १३ वं वाचा आणि चर्चमधल्या एका तरी बहिणीला फोन करून सांगा, एकटीने ओढू नका हे.