रास्पबेरी पायवर लिनक्ससीएनसी मधेच अडखळतंय

प्रश्न : दादा, शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, राउटर (कोरीवकामाचं सीएनसी मशीन) रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर लिनक्ससीएनसी या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरनं चालवतो, स्टेप पल्स (मोटरला एकेक पाऊल हलवणारे विजेचे ठोके) पायच्याच पिनांवरून जातात. सुरुवातीला झकास चालतं, पण जॉब निम्म्यावर आला की मोटर कडकड करते आणि 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' (काम ठरल्या वेळेत झालं नाही) असा मेसेज येतो. जास्त रॅमचा बोर्ड घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रॅममध्ये पैसे घालू नका भावा, दुखणं वेळेचं आहे. सॉफ्टवेअरनं पल्स काढायचे तर साधारण दर २५ ते ५० मायक्रोसेकंदाला प्रोसेसर हजर पाहिजे, तेवढ्यात स्क्रीन नाहीतर वायफायनं त्याला गुंतवलं की पल्स उशिरा जातो, मोटर स्टेप खाते, ओपन लूप मशीनला (मोटर खरंच हलली का हे न तपासणाऱ्या) त्याचा पत्ताच नसतो आणि जॉब भंगारात.

निम्म्यावर बिघडतंय म्हणजे मला उष्णतेचा संशय जास्त. ८० अंशांच्या पुढं पाय स्वतःच स्पीड कमी करतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली बंद पॅनेल म्हणजे भट्टीच, त्यामुळं हीटसिंक आणि फॅन आधी लावा. सप्लाय ५ व्होल्ट ३ अँपियरचा पाहिजे, मोबाइलचा चार्जर नको. प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (वेळेचं काम आधी करणारा लिनक्सचा गाभा) आहे ना बघा, प्रोसेसरचा एक कोर रिअलटाइमसाठी म्हणजे वेळेच्या कामासाठी वेगळा काढा आणि लेटन्सी टेस्ट (उशीर किती होतो ते मोजणारी चाचणी) तासभर चालवा, पण नुसती नाही, सोबत विंडो हलवत, फाइली कॉपी करत.

तरीही जिटर (पल्सच्या वेळेतला मागंपुढं फरक) राहिला तर मेसा कंपनीचं मशीन चालवायचं इथरनेट कार्ड घ्या, महाग आहे पण पल्स कार्डच काढतं, पायला साधारण १ मिलिसेकंदाला एकदा बोलावं लागतं, तेवढं त्याला जमतं.